बरं म्हणजे?

मराठी भाषेतल्या सर्वांत कष्टाळू शब्दाचा सत्कार करायचा ठरला, तर मी शाल-श्रीफळ घेऊन सरळ 'बरं'च्या दारात जाईन. 'संस्कृती', 'अस्मिता', 'कर्तव्य' वगैरे वजनदार मंडळी वर्षातून दोन-चार भाषणांपुरती बाहेर पडतात आणि हार गळ्यात घेऊन पुन्हा शब्दकोशात जाऊन झोपतात. 'बरं' बिचारं सकाळच्या चहापासून रात्री कडी लावेपर्यंत राबत असतं. त्याला रजा नाही, बढती नाही आणि ओव्हरटाइम तर नाहीच.

मोल्सवर्थसाहेब मूळचे लष्करातले. त्यांनी 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. माणूस चिकाटीचा. पण छापील कोशाची एक अडचण असते: त्यात आवाज छापता येत नाही. आणि 'बरं'चा अर्थ निम्मा अक्षरात असला तर निम्मा गळ्यात असतो.

आखूड 'बरं' म्हणजे सांगितलेलं समजलं. लांबवलेलं 'बरंऽऽ' म्हणजे अस्सं आहे होय! लगेच दोनदा म्हटलेलं 'बरं बरं' म्हणजे कळलं तुमचं शहाणपण, आता पुरे. अंकगणिताच्या नियमानं दोन 'बरं' मिळून एका 'चांगल्या'च्या जवळपास तरी यायला हवं, पण इथं बेरीज केली की शिल्लक वजा निघते. 'बरं का मंडळी' हे कीर्तनकारांचं. त्याचा उपयोग खांबाला टेकून पेंगणाऱ्या मंडळींना जागं करण्यासाठी होतो. 'बरं, मग?' म्हणजे विषय बदला. 'बरंय, येतो' म्हणजे निरोप. तो पाहुणा नऊ वाजता घेतो आणि उंबऱ्यात उभा राहून पावणेदहापर्यंत अमलात आणतो.

'बऱ्या बोलानं पैसे टाक' यात बोल मुळीच बरे नसतात. 'बरा सापडलास' हे ज्याला म्हणतात त्याला ते बरं वाटत नाही. 'बराच वेळ' म्हणजे चांगला वेळ नव्हे, नुसता लांबलेला. 'चांगल्या'च्या उलट 'वाईट' असतं हे शाळेत शिकवतात. 'बरं'च्या उलट मात्र ताप असतो. 'मला बरं नाही' एवढ्या तीन शब्दांवर आपल्याकडे जितक्या रजा मंजूर झाल्या आहेत, तितक्या कोणत्याही वैद्यकीय दाखल्यावर झाल्या नसतील. आणि 'बरंवाईट' या जोडीत तर 'बरं' केवळ सोबतीला म्हणून नेलेलं असतं. 'माझं काही बरंवाईट झालं तर' असं म्हणणाऱ्याच्या मनात बरं काय होणार आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

इथपर्यंत गंमत. पण आमच्या शेवगावात हा शब्द पैशाच्या व्यवहारात शिरतो आणि मग गंमत राहत नाही.

आमच्या तालुक्याची एक बाजू नाथसागराच्या फुगवट्याला टेकलेली आहे आणि बाकीची आभाळाकडे बघत बसलेली आहे. शेतकरी काउंटरवर आला की रीतीप्रमाणे विचारायचं, "काय भाऊ, कपाशी कशी आहे?" उत्तर एकच: "बरी हाय." पाऊस? "बरा झाला." भाव? "बरा हाय." हवामान खात्याकडे पावसाचं मोजमाप असतं, सरासरीच्या 96 ते 104 टक्के पडला की तो सर्वसाधारण. आमच्या 'बऱ्या' पावसाला अशी हद्द नाही. पेरणी वाया गेली नाही इथपासून बांध फुटून वाहिले इथपर्यंत सगळा पाऊस 'बरा'च.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत गोव्याकडचे एक अधिकारी बदलून आले होते. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना आपल्या डब्यातली शेंगोळी दिली आणि कशी वाटली म्हणून विचारलं. ते म्हणाले, "बरी आसा." देणाऱ्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, साहेबांनी पास होण्यापुरते मार्क दिले. कोकणीत 'बरें' म्हणजे रोख चांगलं, हे आम्हाला आठवडाभरानं कळलं. तोपर्यंत साहेब पीकपाहणीला जाऊन आले होते. पाहणीच्या फॉर्मवर तीनच चौकोन: चांगली, मध्यम, वाईट. शेतकरी म्हणाला "बरी हाय" आणि साहेबांनी इमानदारीनं 'चांगली'वर खूण केली. त्यांच्या आधीचे साहेब लातूरकडचे. तेच शेत, तोच शेतकरी आणि तेच 'बरी हाय' ऐकून ते 'मध्यम'वर खूण करीत. अडीच एकर कपाशीची प्रकृती साहेबांच्या जन्मगावावर ठरत होती.

वास्तविक आमच्याकडेही हा शब्द पूर्वी श्रीमंत होता. शेवगावाहून तासाभराच्या वाटेवर नेवासं आहे. तिथं 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या ग्रंथात याच घराण्यातला 'बरवें' भेटतो, तो सुंदर, उत्तम अशा थाटात. गोव्यानं ती इस्टेट सांभाळली. आमच्या घाटावर मात्र सातशे वर्षांत 'बरवें'चं 'बरं' झालं आणि उत्तमाचं ठीकठाक झालं. मला याचं कारण व्याकरणात दिसत नाही, ते दुष्काळात दिसतं. जिथं पुढच्या महिन्याचा भरवसा नाही तिथं माणूस 'चांगलं' हा शब्द जपून वापरतो. शिवाय 'चांगलं आहे' म्हटलं की तीन माणसं जागी होतात: दृष्ट लावणारा, उसने मागणारा आणि वसुलीवाला. यातल्या तिसऱ्याच्या बाजूला बसून पगार घेत असल्यामुळे मी हे खात्रीनं सांगू शकतो.

वाणिज्य शाखेत आम्हाला अमेरिकेतल्या हर्बर्ट सायमन यांचं नाव भेटलं होतं. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. मनात एक किमान अपेक्षा ठरवतो आणि तिला उतरणारा पहिला पर्याय उचलतो, असं या गृहस्थांनी 1956 साली मांडलं, त्यासाठी इंग्रजीत एक जोडशब्दही रूढ केला आणि 1978 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक आत्याबाई हेच सांगत आल्या आहेत: "स्थळ बरं आहे, करून टाका." त्यांना पारितोषिक म्हणून फार तर लग्नात एक नऊवारी मिळाली.

आता या सगळ्यातून एक प्रश्न निघतो, आणि तो विनोदी लेखात यावा याचं मलाही आश्चर्य वाटतं. आतून बरं नसताना माणूस 'बरं आहे' म्हणतो, ते खोटं असतं का?

शेवगावचे बाळासाहेब भारदे 1962 ते 1972 अशी दहा वर्षं महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. सभागृहाची रीत सरळ असते. प्रस्ताव आवाजी मताला टाकला की एका बाजूनं 'होय' आणि दुसऱ्या बाजूनं 'नाही'. 'बरं' अशी तिसरी सोय तिथं नाही. घरात मात्र बहुतेक कारभार या तिसऱ्या सोयीवरच चालतो. मुलगी शिकायला पुण्याला जाते म्हणते, आई म्हणते 'बरं'. ते 'होय' असतं की 'नाही' हे मुलीला एसटी सुटताना खिडकीतून दिसतं. सासू म्हणते यंदा माहेरी नको जाऊस, सून म्हणते 'बरं'. ठराव एकमतानं मंजूर झाल्याची नोंद होते. विरोधी मतं चुलीपुढं मोजली जातात.

अर्धसत्याचा विषय निघाला की धर्मराजाची आठवण होते. 'नरो वा कुंजरो वा' असं पुटपुटल्याबरोबर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मग रोज दहा वेळा 'बरंय' म्हणणाऱ्या आमच्या माणसांचे रथ कुठवर रुतायला हवेत? मला वाटतं, ते रुतत नाहीत. धर्मराजाचं अर्धसत्य समोरच्याला पाडण्यासाठी होतं. दवाखान्यातून परत आलेली म्हातारी फोनवर मुलाला 'बरंय रे' म्हणते, ते समोरच्याला सांभाळण्यासाठी असतं. त्यात त्याची रजा वाचते, एसटीचं भाडं वाचतं आणि त्याची झोपही वाचते.

पण सांभाळणारं असलं तरी ते खरं होत नाही. मग ते जमा कुठं करायचं? इथं माझी नोकरी उपयोगी पडते. बँकेत उचंत खातं नावाचा प्रकार असतो. रक्कम आलेली आहे, पण ती कोणाची, कशापोटी, हे कळत नाही. अशी रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. यात लबाडी काही नाही. लबाडी पुढं होते. रकमेनं तिथं मुक्काम ठोकायचा नसतो. चौकशी करून तिला तिच्या योग्य खात्यावर न्यायचं असतं. म्हणून तपासणीला आलेले साहेब चहा यायच्या आत विचारतात, "उचंतमध्ये जुन्या नोंदी किती?"

'बरं आहे' ही मराठी माणसाची उचंत नोंद आहे. सांगणाऱ्यानं ती टाकली यात त्याचा दोष नाही. ती तिथं वर्षानुवर्षं पडून राहते तेव्हा जबाबदारी ऐकणाऱ्याची असते.

हे तत्त्वज्ञान माझं वाटत असेल तर ते श्रेय आमच्या शाखेतल्या मामांचं आहे. मामा शिपाई आहेत. दर महिन्याला एक आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे न्यायला यायच्या. अंगठा द्यायच्या, नोटा न मोजता कनवटीला लावायच्या. काउंटरवरचं "कसं काय, आजी?" हे प्रश्नापेक्षा रामरामाच्या जातीचं असतं, आणि आजींचं "बरंय बाबा" हेही तसंच. मागं रांग असते, रांगेत कोणाची तरी एसटी चुकत असते. एक दिवस मामा त्यांना बाकावर बसवून म्हणाले, "बरं म्हंजे? कितपत बरं? चूल पेटवती का अजून?"

"पेटवती की," आजी म्हणाल्या, "जाळ दिसत न्हाई, ऊब लागती तिकडं हात करती."

पुढच्या नेत्रशिबिराला मामा त्यांना घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. दोन खेपांत निघाले. आता आजी नोटा स्वतः मोजतात, त्याही दोनदा, आणि मळकी निघाली तर बदलून मागतात. मामांच्या या समाजकार्यामुळे काउंटरची रांग वाढली, अशी कॅशियरची तक्रार आहे. ती उचंतमध्ये टाकलेली आहे.

दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे खोदून विचारायचं, असा मात्र गैरसमज नको. खोदणारे आमच्या गावात मुबलक आहेत. पगार किती, प्लॉट कितीला घेतला, मुलीचं अजून का जमत नाही, हे ते दुसऱ्यांदाच काय, सातव्यांदाही विचारतील. मराठीनं यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. चौकशी आपल्यासाठी असते, विचारपूस समोरच्यासाठी असते. बाहेरून दोन्हींचं वाक्य तेच. ज्याला विचारलं त्याला मात्र फरक लगेच कळतो.

आणि विचारायचंच नसेल तर त्याचीही व्यवस्था याच शब्दानं करून ठेवली आहे: 'आपण बरं, आपलं काम बरं.' आम्हा नोकरदार मध्यमवर्गाचं हे घटनेच्या खालोखालचं कलम. एका वाक्यात 'बरं' दोनदा येतं आणि दोन्ही वेळा आपल्याच खात्यावर जमा होतं. शेजारी रात्री रडण्याचा आवाज आला, आपण बरं. रांगेत कोणी म्हाताऱ्याला ढकलून पुढं गेला, आपलं काम बरं. हे वाक्य म्हणणारा माणूस वाईट नसतो, हीच त्यातली अडचण. वाईट माणसाला निदान ओळखता येतं. 'बरा' माणूस दार लावून आत बसलेला असतो.

आमचे गोव्याचे साहेब बदलून गेले तेव्हा निरोपाच्या चहाला त्यांनी भाषण केलं नाही. एकेकाजवळ जाऊन ते म्हणाले, "देव बरें करूं." तिकडं हेच 'धन्यवाद' असतं. 'आभारी आहे' म्हटलं की हिशेब मिटतो, दोन्ही बाजू सारख्या होतात. 'देव बरें करूं' म्हटलं की खातं उघडंच राहतं आणि जमा मात्र समोरच्याच्या नावावर होते. शब्द तोच, आमच्या बाकावर बसून बसून खंगलेला. पण दुसऱ्याच्या खात्यावर टाकला की त्याला नेवाशातलं जुनं बाळसं येतं.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी घरी कोणी 'बरंय' म्हणालं, तर चप्पल काढता काढता 'बरं म्हणजे?' एवढं विचारून बघावं. उत्तर लांबलं तर चहा टाकावा.

हा लेख कसा वाटला असं मी विचारलं, तर तुम्ही काय म्हणाल हे मला ठाऊक आहे. 'बरा आहे' म्हणाल. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.