बुजलेलीं अक्षरें

एखाद्यानें दिलेला शब्द ज्या जागीं लिहिला होता ती जागाच नाहींशी झाली, तर तो मनुष्य त्या शब्दांतून मोकळा होतो काय? प्रश्न वरवर वकिली थाटाचा दिसतो, आणि वाचकांपैकीं पुष्कळांना तो विचारण्याचें कारणहि वाटणार नाहीं. शब्द तो शब्द, असें म्हणून ते पान उलटतील. मीहि बरींच वर्षें वर्गांत विद्यार्थ्यांना असेंच सांगत आलों. परंतु हा प्रश्न आतां माझ्या स्वतःच्या अंगाशीं आला आहे, आणि वर्गांत दिलेलें उत्तर घरीं पुरेनासें झालें आहे.

माझें बालपण धाड या गांवीं गेलें. बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळ हें गांव आहे. माझ्या लहानपणीं तेथें कोणाकडे तार आली कीं ती उघडण्यापूर्वींच घरांतल्या बायका रडूं लागत. कारण शब्दागणिक पैसे मोजून कोणी सुखाची वार्ता पाठवीत नाहीं, अशी सर्वांची खात्री होती. (ही समजूत सर्वस्वीं खरी नव्हती. सणांच्या व लग्नाच्या शुभेच्छांसाठीं तारखात्यानें ठराविक वाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. येथून नुसता आंकडा गेला कीं पलीकडे अख्खें वाक्य उमटे.) इंग्रजी अमदानींत कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान प्रयोगादाखल सुरू झालेली आणि १८५५ मध्यें सर्व जनतेस खुली झालेली ही सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद पडली. आदल्या दिवशीं जन्मांत कधीं तार न केलेल्या लोकांनीं तारघरांपुढें रांगा लावल्या. पण तार बंद झाली तरी आलेल्या तारेचा कागद उरला. खातें मोडलें, मजकूर मात्र घेणाऱ्याच्या पेटींत सुरक्षित राहिला. तिच्यामागून जे दूत आले त्यांचें तसें नव्हतें.

१९९६ मध्यें इस्राएलांतील चार तरुणांनीं ‘आयसीक्यू’ नांवाची सोय काढली. दोन माणसें आपापल्या संगणकापुढें बसलीं कीं लिहिलेलें क्षणांत एकमेकांस दिसे. १९९७ मध्यें अमेरिकेंत ए. ओ. एल.नें आणि १९९८ मध्यें याहूनें आपापले दूत काढले. आपल्याकडे परदेशीं मुलें असलेल्या घरांत याहूचा मेसेंजर हें नांव आईबापांच्याहि तोंडीं बसलें होतें. हीं सर्व यंत्रें टेबलापुढें बसणाऱ्या माणसासाठीं जन्मलीं होतीं. फोन खिशांत आला, आणि २००९ मध्यें निघालेल्या व्हॉट्सॲपनें फोनचा क्रमांक हाच माणसाचा पत्ता ठरवला, तेव्हां टेबलापुढच्या दूतांचे दिवस भरले. ए. ओ. एल.चा दूत डिसेंबर २०१७ मध्यें, याहूचा १७ जुलै २०१८ रोजीं, आणि सर्वांत वडील जो आयसीक्यू तो २६ जून २०२४ रोजीं निवर्तला.

आपल्या देशांतहि असा एक दूत जन्मला होता. कविन भारती मित्तल यांनीं डिसेंबर २०१२ मध्यें काढलेल्या ‘हाइक’चें मोल २०१६ सालीं सुमारें १४० कोटी डॉलर धरलें गेलें होतें. देशी भाषांतलीं चित्रें, चोरकप्प्यांत ठेवण्याचीं संभाषणें अशा युक्त्यांमुळें तो तरुणांना फार आवडे. २०२१ च्या जानेवारींत तो बंद झाला. परदेशी कंपन्यांना देशानें बंदी केल्याखेरीज येथें स्वतःचा मेसेंजर टिकणार नाहीं, अशा आशयाचें कारण मित्तल यांनीं दिलें. गंमत अशी कीं, त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळें भारतांत गहजब उडाला होता, व लोक दुसरा दूत शोधीत होते! यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. बाजार ज्या गांवीं भरतो त्या गांवीं भरतो. शेजारच्या गांवीं ओटे अधिक स्वच्छ आहेत म्हणून एकटा भाजीवाला तेथें जाऊन बसत नाहीं, आणि भाजीवाला नाहीं म्हणून गिऱ्हाईकहि जात नाहीं. निरोपाच्या यंत्राचा गुण यंत्रांत थोडा आणि त्यावर आधींच जमलेल्या माणसांत फार असतो. माणसें उठूं लागलीं म्हणजे उत्तम यंत्रहि ओसाड होतें.

असा दूत बंद व्हावयाचा असला कीं प्रथम एक सूचना येते. अमुक तारखेपर्यंत आपलीं संभाषणें उतरवून घ्या, मागाहून तीं मिळणार नाहींत. याहूनें त्यासाठीं सहा महिने दिले होते. मला अशीच एक सूचना दुसऱ्या एका सेवेकडून आली होती. मीं ती वाचली, आणि कांहीं केलें नाहीं.

त्या सेवेवर माझा एक बालमित्र व मी पुष्कळ रात्रीं बोलत असूं. तो परदेशीं नोकरीस. त्याची आई धाडला एकटी. २००९ च्या हिवाळ्यांत एके रात्रीं त्यानें लिहिलें कीं, फोनवर ती सगळें ठीक आहे असेंच सांगते, तेव्हां तूं महिन्यांतून एकदां तिच्याकडे जाऊन बसत जा. मीं शब्द असा एकहि लिहिला नाहीं. उंचावलेल्या अंगठ्याचें चित्र पाठवलें. त्यानें ‘बरें झालें’ असें लिहिलें, आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलों. मी दोन महिने गेलों. तिसऱ्या महिन्यांत परीक्षांचे पेपर तपासावयाचे होते. पुढें जाणें राहूनच गेलें. कांहीं वर्षांनीं ती सेवा बंद पडली, आणि तिच्याबरोबर तो अंगठाहि गेला. त्या दिवशीं मला वाईट वाटलें असें मीं घरीं सांगितलें. खरें सांगावयाचें तर मला हायसें वाटलें होतें, आणि या लेखाचें मूळ त्या हायशा वाटण्यांत आहे.

माझ्या मनानें पहिली पळवाट काढली ती अशी कीं, अंगठा म्हणजे वचन नव्हे. तो ‘वाचलें’ एवढीच खूण. ही पळवाट माझी एकट्याची नाहीं. कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत एका शेतकऱ्याला धान्याच्या खरेदीदारानें जवसाच्या कराराचें चित्र फोनवर पाठवून संमति मागितली. शेतकऱ्यानें अंगठा पाठवला. पुढें जवसाचा भाव चढला व माल पोंचला नाहीं. करार मिळाला एवढेंच मला सांगावयाचें होतें, असें शेतकऱ्याचें म्हणणें. २०२३ मध्यें न्यायालयानें अंगठा ही सही मानून त्याच्यावर सुमारें ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई बसवली, आणि २०२४ च्या अखेरीस अपिलांतहि तोच निर्णय कायम राहिला. ह्यूमसारखा तत्त्वज्ञ म्हणतोच कीं वचनाचें बंधन निसर्गांत नसतें, माणसांनीं मानलेल्या संकेतांतून तें उपजतें. मग तो संकेत शाईचा असो वा चित्राचा. आणि अंगठ्याचें सामर्थ्य आपल्या लोकांना परक्या न्यायाधीशानें कां शिकवावें? सावकाराच्या खतावर उमटलेल्या अंगठ्यानें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी गेल्या आहेत.

याच खतांवरून दुसरी पळवाट सुचली. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले व तेथून दंगा पुणें-नगर भागांत पसरला. त्यांचा रोख माणसांवर फारसा नव्हता. सावकारांचीं खतें हिसकावून जाळावीं, एवढाच मुख्य हेतु होता. कागद गेला कीं कर्ज गेलें, असें त्यांनाहि वाटत होतें. मग मला वाटलें तर काय बिघडलें? पण ही तुलना चार पावलेंहि चालत नाहीं. त्यांनीं जाळलेलीं खतें पुष्कळदां वाचतां न येणाऱ्याकडून लिहून घेतलेलीं होतीं. शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा सरकारला १८७९ मध्यें करावा लागला, यावरूनच त्यांच्या तक्रारींत तथ्य होतें हें दिसतें. मला वाचतां येत होतें. माझ्यावर कोणी दडपण आणलें नव्हतें. आणि मीं तर काडीहि ओढली नाहीं. दुसऱ्यानें दिवा मालवला, तेवढ्या अंधाराचा फायदा घेतला.

तिसरी पळवाट मुदतीची. हातउसन्या पैशासाठीं तीन वर्षांनंतर दावा लागत नाहीं, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु १८७२ च्या कराराच्या कायद्यांतलें पंचविसावें कलम सांगतें कीं, मुदतीबाहेर गेलेलें कर्ज फेडण्याचें लेखी वचन ऋणकोनें सहीनिशीं पुन्हां दिलें, तर नव्या मोबदल्यावांचूनहि तें बंधनकारक होतें. याचा अर्थ मुदतीनें वसुलीचा रस्ता बंद होतो, ऋण तसेंच राहतें. कोरडा कायदादेखील येथें माझ्या बाजूला उभा राहावयास तयार नाहीं.

माझा मित्र हयात आहे. नव्या दूतावरून तो मला दिवाळीचीं चित्रें पाठवतो, मीहि पाठवतों. तें बोलणें त्याला आठवतें कीं नाहीं, हें मीं त्याला कधींच विचारलें नाहीं. कारण विचारणें म्हणजेच खत पुन्हां लिहून देणें, हें मला पक्कें ठाऊक होतें. वचनांतून सोडवण्याचा अधिकार ज्याला तें दिलें त्याचा. तो विसरला असेल अशी आशा करणें ही सुटका नव्हे. बंद पडलेल्या कंपनीला तर तो अधिकार मुळींच नव्हता. तिच्याकडे माझीं अक्षरें ठेवलेलीं होतीं, माझा शब्द नव्हे.

गेल्या महिन्यांत मी धाडला गेलों. मावशी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्यांनीं मला आवाजावरून ओळखलें. कोणी पाठवलें कां, म्हणून त्यांनीं विचारलें. तुमच्या मुलानें जावयास सांगितलें होतें, असें मीं म्हटलें.

“कवा सांगतलं त्यानं?”

मीं साल सांगितलें. त्यांनीं हातांतली शेंग फोडली, दाणे सुपांत टाकले आणि टरफल बाजूला सारलें.

“मंग लईच येळ लागला रे तुले यायला,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवण्यासाठीं भिंतीचा आधार घेत उठल्या.