किल्ली आणि वही

कामशेतहून पवनानगरकडे जाणारी एसटी धरणाच्या अंगाने वळू लागली की समोर तिकोणा गडाचा त्रिकोणी माथा दिसतो. त्याच्या पायथ्याला तिकोणा पेठ. शनिवार-रविवारी इथे पुण्यामुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या गाड्या लागतात. एरवी गाव असतं इंद्रायणीच्या खाचरांचं आणि सकाळ-संध्याकाळच्या दुधाचं. ही गोष्ट त्या दुधाची. गोष्टीतली माणसं आणि त्यांची दूध संस्था मी रचलेली आहेत. गड, कायदा आणि बँकेचा दाखला मात्र खरा आहे.

त्या संस्थेचे सचिव होते अण्णा. पहाटे केंद्र उघडायचे अण्णा, दूध मापायचे अण्णा, नमुना घेऊन फॅट काढायचे अण्णा. वहीत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून उरलेले दुधातले घन घटक) लिहायचे तेच. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली एकेक पॉइंट उतरला की दर कापला जातो, म्हणजे वहीतला एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी गवळ्याच्या पदरात कमी पडतं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा, तोही अण्णांच्याच हातून, रोख. पेंडीची उधारी, लग्नासाठी घेतलेली उचल, सगळं पगारातून कापून उरलेले पैसे ते मोजून हातावर ठेवायचे. पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची. अक्षर मोत्यासारखं, वही स्वच्छ. गावात कोणाला अण्णांच्या आकड्याबद्दल शंका नव्हती आणि शंका घ्यावी असं अण्णांनी काही केलंही नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते चोरीमुळे झालं नाही.

अण्णांची नात पुण्यात एम.कॉम. शिकत होती. वसतिगृहात राहायची, शनिवारी लोकलने कामशेतला उतरून घरी यायची. तिचा एक विषय होता लेखा माहिती प्रणाली. बऱ्याच मुलांना वाटतं की यात कुठलं तरी सॉफ्टवेअर शिकवतात, कुठली कळ दाबली की पावती निघते ते. विषय त्याहून खोल आहे. व्यवहार घडल्यापासून ताळेबंदात बसेपर्यंत त्याची नोंद कोण करतो, कोण मंजूर करतो, मालाला हात कोणाचा लागतो आणि हे सगळं कोण ताडून बघतो, याचा तो अभ्यास आहे. हे सगळे हात एकाच माणसाचे नसावेत, हे त्यातलं पहिलं सूत्र. माझ्या मते वाणिज्य शाखेच्या मुलांनी इतर सगळं विसरलं तरी हे एक विसरू नये.

वर्गात सरांनी ब्रॅडी हाउसचं प्रकरण सांगितलं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या त्या शाखेतला घोटाळा 2018 मध्ये उघड झाला. बँकेच्या नावाची हमीपत्रं भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना जात होती. संदेश जायचा ‘स्विफ्ट’ यंत्रणेवरून आणि बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्याची नोंदच व्हायची नाही, कारण या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. रक्कम 13 हजार कोटींच्या वर गेली. संगणक होते, पासवर्ड होते, लेखापरीक्षण होतं. पण एका वहीला दुसरीत काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना मुदत घालून दोन्ही यंत्रणा जोडायला लावल्या.

मग सरांनी प्रकल्प दिला. आपल्या ओळखीची एक संस्था घ्या. तिच्यात शिरलेल्या एका रुपयाचा शेवटपर्यंत माग काढा. कागद, माल किंवा पैसा ज्या हातातून ज्या हातात जाईल, तिथे बाण काढा.

नात संध्याकाळी केंद्रावर बसली आणि तिने चित्र काढलं. दूध आलं, बाण अण्णांकडे. फॅट काढली, बाण अण्णांकडे. वही, पेंडीचं गोदाम, पेटी, पगार, डेअरीच्या टेम्पोबरोबर जाणारं चलन. कागदभर बाण झाले आणि सगळे एकाच वर्तुळात येऊन थांबले.

“अण्णा, ह्यातलं काहीच दुसऱ्या कुणाकडे नाही?”

“कशाला पाहिजे? मला जमत न्हाय का?”

“जमतं हो. पण तुम्ही लिहिलेलं कोण तपासतं?”

अण्णांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “माझ्यावर भरवसा न्हाय व्हय तुझा? कॉलेजात हेच शिकवत्यात?”

तिने कागद गुंडाळून ठेवला. प्रकल्पाला गुण चांगले मिळाले. पण आजोबांना पुन्हा काही विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिने सोपा मार्ग धरला. संस्थेने संगणक घ्यावा असं तिने संचालकांना सुचवलं. संचालक खूश झाले. संगणक आला, सॉफ्टवेअर आलं, चेअरमननी नारळ फोडला. अण्णा दिवसभर वहीत लिहायचे आणि रात्री बसून आकडे संगणकात भरायचे. पासवर्ड त्यांना एकट्यालाच माहीत होता. आपल्याकडे किती संस्थांमध्ये हेच चाललंय! लिहिणारा तोच, मापणारा तोच, पैसे देणारा तोच. फक्त पेनाच्या जागी कळफलक. आणि लोक म्हणतात, कारभार पारदर्शक झाला.

त्या पावसाळ्यात मोतीबिंदूने अण्णांची नजर धुरकटली. लावणीचे दिवस, पाऊस थांबायचं नाव नाही, केंद्रावर चिखल आणि घाई. दहा दिवसांचा पगार झाला आणि गावातली एक विधवा बाई पैसे मोजून तिथेच उभी राहिली.

“अण्णा, पेंडीचे पैसे कापलेत. ते तर मी रोख दिले होते.”

“कधी?”

“वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. तुमच्याच हातात.”

वहीत जमा नव्हती. पावती दिलेली नव्हती, कारण अण्णा कधीच कोणाला पावती देत नसत आणि कोणी मागतही नसे. अण्णा आठवायचा प्रयत्न करत राहिले. त्यांना आठवेना. बाई खोटं बोलणारी नव्हती. अण्णाही नव्हते.

रक्कम दोन पोत्यांची. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एकाने विचारलं म्हटल्यावर दुसऱ्याला आपली फॅट आठवली, तिसऱ्याला आपली उचल. पारावर कोणीतरी म्हणालं, केंद्रावर मापलेल्या दुधापेक्षा डेअरीच्या मापात दूध थोडं जास्त भरतं, मग तो वाढावा जातो कुठे? वाढावा संस्थेच्याच खात्यात जमा होता. पण ते सांगणारी वही अण्णांच्या अक्षरातली होती आणि आता अण्णांचं अक्षर कोणाला पुरेसं वाटत नव्हतं.

नात घरी आली तेव्हा अण्णा ओटीवर सगळ्या वह्या मांडून बसले होते. तिने संगणक उघडला. बाईच्या खात्यात उधारी बाकी दिसत होती. आकडा मूळचा होता की मागाहून बदललेला, हे कळायला वावच नव्हता. त्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली की जुना आकडा पुसलाच जायचा. वहीत निदान खोडलेलं तरी दिसतं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर वापरता येत नाही. प्रत्येक बदल कधी झाला त्याची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असावीच लागते. तो नियम कंपन्यांचा. गावच्या दूध संस्थेला कोणी सांगितलं नव्हतं, आणि संगणक सुचवणाऱ्या नातीनेही ते तपासलं नव्हतं.

“एवढी वर्सं एक पैसा खाल्ला न्हाय,” अण्णा म्हणाले. “पर हे सांगायला माझ्याबिगर साक्षीदार कोण हाय?”

ती काही बोलली नाही. आत गेली आणि तो जुना कागद घेऊन आली. अण्णांनी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग मान वर करून गडाकडे बघत म्हणाले, “हवालदार मीच, सबनीस मीच, कारखानीसबी मीच. असा गड कधी कुणी चालवला हाय का गं?”

मावळातल्या म्हाताऱ्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. शिवकाळात गड कधी एका माणसाच्या हाती सोडलेला नसे. किल्ल्या आणि हुकमत हवालदाराकडे, शिबंदी सरनोबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्याची आणि दारूगोळ्याची कोठारं कारखानिसाकडे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला लिहिलेल्या बखरीत गडाचा हा कारभार नोंदवला आहे. एक जण फितला तरी गड जाऊ नये, हा त्यातला उघड हेतू. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सबनिसावर आळ आला तर कारखानिसाचं कोठार त्याच्या बाजूने बोलू शकत होतं. ही व्यवस्था महाराजांनी स्वतः निवडलेल्या, जिवाला जीव देणाऱ्या माणसांसाठी होती. त्यांच्यावर अविश्वास असता तर त्यांना गडावर नेमलंच नसतं. आपण मात्र तपासणीचं नाव काढलं की अपमान झाला असं समजतो, आणि सर्वांत चांगल्या माणसाला सर्वांत एकटं सोडतो.

पुढच्या मासिक बैठकीत अण्णा उभे राहिले. करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी टेबलावर ठेवली. संचालकांना वाटलं, रागावून राजीनामा देतायत. “राजीनामा न्हाय,” अण्णा म्हणाले. “वही माझ्याकडं राहू द्या. किल्ली दुसऱ्याला द्या. आणि माप तिसऱ्याला.”

नातीने चित्र पुन्हा काढलं, या वेळी बैठकीत, सगळ्यांसमोर. माप आणि फॅट बचत गटातल्या एका बाईकडे गेली. यंत्रातून पावती निघणार आणि ती तिथल्या तिथे गवळ्याच्या हातात पडणार. पेंडीचं गोदाम दुसऱ्या बाईकडे, छापील क्रमांकाच्या पावतीपुस्तकासह. पगार रोख नाही, थेट बँक खात्यात, दोन सह्यांनी. वही आणि संगणक अण्णांकडे, पण बदलाची नोंद ठेवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर. आणि महिन्यातून एकदा चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोन सभासदांनी डेअरीची चलनं, केंद्राच्या पावत्या आणि अण्णांची वही शेजारीशेजारी ठेवून जुळवायची. बचत गटाच्या बायकांना यातलं काहीच नवीन नव्हतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री त्या आधीपासूनच पाळत होत्या. हिशेबाची वही दर बैठकीत सगळ्यांसमोर वाचायची त्यांना सवय होती. खरं तर संस्थेने नातीला विचारण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं.

नवी घडी काही सुखाने बसली नाही. रांग लांबली. पावतीचा कागद पावसात भिजायचा. एक संचालक म्हणाले, एका माणसाचं काम चौघांना दिलंत, खर्च वाढला. तो वाढलाच. पण पहिल्याच जुळवणीत गोदामात दोन पोती कमी निघाली. पुरवठादाराच्या चलनावर आकडा जास्त होता, गाडीतून उतरलेला माल कमी. पुरवठादाराने दोन दिवसांत पोती पाठवली. आधी असं किती वेळा झालं असेल आणि कोणाच्या उधारीत ते मिसळून गेलं असेल, हे आता काढता येणार नव्हतं. त्याच जुळवणीत अण्णांची स्वतःची एक चूकही सापडली, 3.8 च्या जागी 3.3. अण्णांनी ती सगळ्यांसमोर दुरुस्त केली आणि खाली सही केली. कोणी कुजबुजलं नाही. चूक आता फक्त चूक होती.

त्या बाईने पैसे दिले होते की नव्हते, हे आजही कोणाला माहीत नाही. तिची रक्कम माफ करावी की अण्णांनी भरावी, यावर सभेत बराच वाद झाला. अण्णा भरायला तयार होते. नात म्हणाली, भरलेत तर तो कबुलीजबाब ठरेल. माफ केली तर बाईवर उपकार केल्यासारखं होईल, आणि तिला उपकार नको होते. शेवटी सभेने ठराव लिहिला की पावती न देणं ही संस्थेची चूक, म्हणून भार संस्थेचा. इतिवृत्तात तो ठराव आहे. बाई अजून दूध घालते. पावती घडी करून कनवटीला लावते. अण्णांशी मात्र पहिल्यासारखं बोलत नाही.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही कुठल्या दूध संस्थेचे, पतसंस्थेचे, विकास सोसायटीचे सभासद असाल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 ने तुम्हाला एक अधिकार दिला आहे. लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि पुस्तकांतला तुमच्या स्वतःच्या व्यवहाराचा भाग कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी एकदा जा, आपलं खातं बघा, पावतीचा क्रमांक जुळवा, आणि किल्ली कोणाकडे आणि वही कोणाकडे, हे विचारा. मावळातली जी मुलं पुण्यात कॉमर्स शिकतायत, त्यांनी प्रकल्पासाठी आपल्या गावची संस्था घ्यावी. आणि चित्र पूर्ण झालं की ते प्राध्यापकांच्या आधी सचिवांना दाखवावं.