श्वासाची साक्ष

मद्यप्राशन करून वाहन चालविणे हा केवळ कायद्याचा भंग नव्हे. तो परक्याच्या प्राणाशी मांडलेला खेळ आहे. एका निरपराध जिवाची हत्या ही अखिल मानवजातीच्या हत्येसमान आहे, ही पवित्र कुरआनची शिकवण (सूरह अल्-माइदा : ३२) आपण जाणतो. म्हणून रात्री नाक्यावर उभे राहून चालकांचा श्वास तपासणाऱ्या पोलिसाकडे आपण कृतज्ञतेनेच पाहावे. तथापि एक प्रश्न उरतो : यंत्राने दाखविलेला आकडा हा अपराधाचा निवाडा आहे, की केवळ एक साक्ष?

असे यंत्र जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधी इस्लामी न्यायशास्त्राने (फिक्ह) या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. हिम्स नगरात हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी एका माणसाच्या तोंडाला मद्याचा वास येताच त्याला शिक्षा केल्याचे बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत नमूद आहे. मालिकी विधिज्ञांनी वासाचा पुरावा ग्राह्य मानला. हनफी व शाफई विधिज्ञांनी मात्र केवळ वासावरून हद्द, म्हणजे शरीअतने ठरविलेली शिक्षा, देण्यास नकार दिला. अशा पुराव्यातील संशयाच्या जागा हंबली विद्वान इब्न कुदामा (मृत्यू इ.स. १२२३) यांनी दाखवून दिल्या आहेत : त्या माणसाने नुसती चूळ भरली असेल, पाणी समजून तोंडात घेतलेला घोट थुंकून टाकला असेल, त्याच्यावर बळजबरी झाली असेल, किंवा एखाद्या फळाच्या पेयालाही तसाच वास येत असेल.

आजचे विज्ञानही याच वळणावर येऊन थांबते. माउथवॉश किंवा अल्कोहोलयुक्त औषध तोंडात रेंगाळले असेल तर काही मिनिटे आकडा फुगतो. म्हणून सुमारे १५ मिनिटे थांबून चाचणी घेणे योग्य मानतात. शिवाय यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वासावरून रक्ताचे अनुमान करते आणि त्यासाठी साधारणतः १ : २१०० हे प्रमाण गृहीत धरते. प्रत्यक्षात ते माणसागणिक बदलते. यंत्राची वेळोवेळी प्रमाणित उपकरणांशी पडताळणी झाली नाही, तर त्याची साक्षही डळमळते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पडताळणीच्या वेळी प्रमाणित तापमापी वापरण्याची एक पायरी गाळली गेल्याचे उघड झाले, आणि २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०,००० हून अधिक चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरविल्या. त्यांत खरोखर प्यालेले किती व निर्दोष किती, हे आता कोण सांगणार? एका पायरीच्या आळसाने दोघांनाही एकाच रांगेत उभे केले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. कलम २०४ मध्ये रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीचीही तरतूद आहे. मर्यादेच्या काठावरच्या आकड्यासाठी अशा दुसऱ्या साक्षीचे मोल मोठे आहे.

येथे दोन निर्णय वेगळे ओळखले पाहिजेत. चालकाला त्या रात्री गाडीवरून उतरविण्यास साधार संशय पुरेसा आहे. कारण हानी होण्यापूर्वीच ती रोखणे हे शरीअतचे तत्त्व आहे. त्याला गुन्हेगार ठरवून शिक्षा देण्यास मात्र पुरावा लागतो. इस्लामी न्यायालयात काझी साक्षीदाराची विश्वासार्हता तपासल्याविना त्याची साक्ष स्वीकारत नसे. यंत्र हाही साक्षीदारच. त्याला या तपासणीतून सूट कशी मिळेल?

हीच कसोटी आपल्या मोहल्ल्यालाही लागू आहे. नाक्यावर कुणाला अडविल्याची वार्ता सकाळी मशिदीच्या पायरीपर्यंत पोहोचते, आणि निकालाआधीच त्याच्या मुलीच्या सोयरिकीवर तिची सावली पडते. आलेल्या वार्तेची शहानिशा करा, अशी आज्ञा देणाऱ्या सूरह अल्-हुजुरातमध्येच संशय व परनिंदा यांपासून दूर राहण्याचा आदेश आहे.

मात्र यंत्राच्या उणिवा मद्यपीचे आश्रयस्थान होऊ शकत नाहीत. श्रद्धावंतासाठी प्रश्न ३० मिलिग्रॅमचा नाहीच. त्याला पहिला घोटही निषिद्ध आहे. जो पिऊन गाडी चालवितो आणि यंत्राच्या चुकीमुळे सुटतो, तो नाक्यावरून सुटतो. अल्लाहच्या हिशेबातून नव्हे. आणि जो निर्दोष असूनही आकड्यामुळे बदनाम होतो, त्याच्या अब्रूचा हिशेब आपल्या जिभेला द्यावा लागेल.