स्वप्नातला अपराध

अर्धवट सोडलेल्या कादंबरीबद्दल वाचक सहसा फार बोलत नाहीत. कंटाळा आला, पुस्तक कपाटात गेलं, विषय संपला. स्टीफन डोनाल्डसनच्या ‘लॉर्ड फाउल्स बेन’चं मात्र तसं झालेलं नाही. १९७७ साली आलेली ही कादंबरी सातव्या प्रकरणाशी मिटून टाकलेले वाचक आजही ती का मिटली हे तावातावाने सांगतात. शेवटपर्यंत गेलेले तितक्याच तावाने म्हणतात, थोडं थांबला असतात तर! पन्नास वर्षं होत आली, तरी भांडण मिटत नाही. मला कादंबरीइतकंच हे भांडणही वाचनीय वाटतं.

त्रयीतलं हे पहिलं पुस्तक. प्रकार ओळखीचा आहे: आपल्या जगातला माणूस कुठल्याशा दारातून, कपाटातून किंवा अपघाताच्या धक्क्याने दुसऱ्या जगात जाऊन पडतो. सी. एस. लुईसची मुलं कपाटातून नार्नियात गेली. जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत तर मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या हिंदुस्थानात पोचले. अशा कथेत तो पाहुणा हाच वाचकाचा डोळा असतो. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, त्याला जे समजावून सांगतात तेच आपणही ऐकतो. फॅन्टसीच्या अभ्यासक फारा मेंडलसन यांनी हे गणित २००८च्या आपल्या पुस्तकात नीट उलगडून दाखवलं आहे. पाहुण्यावर भरवसा ठेवल्याशिवाय त्या जगात आपला पाऊलभरही शिरकाव होत नाही.

आता हा पाहुणा कोण, ते पाहा. थॉमस कॉव्हेनंट हा अमेरिकेतला लेखक. पहिल्याच कादंबरीने त्याला नाव आणि पैसा दिला, आणि पाठोपाठ कुष्ठरोग झाल्याचं निष्पन्न झालं. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. बायको मुलाला घेऊन निघून गेली. गावातले लोक परस्पर त्याची बिलं भरून टाकतात, वाणसामान घरपोच करतात. यात दया नाही, त्याने गावात पाऊल टाकू नये एवढाच हेतू. हातापायांची संवेदना गेलेली, म्हणून त्याने अंगी बाणवलेली शिस्त लेखक बारकाईने दाखवतो: बोटं, तळवे, पावलं, घोटे पुन्हा पुन्हा नजरेने तपासायचे, कारण जखम झाली तरी दुखणार नाही आणि दुखलं नाही तर ती चिघळत जाईल. एका रुग्णालयात त्याला बजावून सांगितलेलं असतं की कल्पनेच्या आहारी गेलास तर मेलास. असा हा माणूस टेलिफोनचं बिल स्वतः भरायचंच, या हट्टाने गावात जातो, रस्त्यात पोलिसांच्या गाडीसमोर कोसळतो आणि शुद्धीवर येतो तो एका उंच कड्यावर, दुसऱ्याच जगात.

डोनाल्डसनने या जगाला नुसतं ‘द लँड’ म्हटलं आहे. तिथे लीना नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्याला हाताला धरून खाली आणते, चकाकणारी एक औषधी माती त्याच्या जखमांना लावते, गावात नेते. दोन बोटं नसल्यामुळे गावकऱ्यांना तो त्यांच्या दंतकथेतल्या वीराचा अवतार वाटतो. ज्याला स्वतःच्या गावाने वाळीत टाकलं, त्याचं इथे आगतस्वागत होतं. मेलेल्या नसा जाग्या होतात, आणि नसा जाग्या होणं हे त्याच्या लेखी अशक्य, म्हणून हे सगळं स्वप्न, असं तो स्वतःला बजावतो. त्याच रात्री तो लीनावर बलात्कार करतो.

पुस्तक मिटतं ते इथे. त्या काळचे वाचक कोणत्या अपेक्षेने आले होते, हेही लक्षात घ्यायला हवं. त्याच वर्षी टॉल्किनचं ‘द सिल्मरिलियन’ मरणोत्तर प्रसिद्ध झालं, टेरी ब्रुक्सची ‘द सोर्ड ऑफ शनारा’ही आली. लोकांना पुन्हा एकदा अंगठी, काळोखाचा स्वामी आणि रानावनातला प्रवास हवा होता. डोनाल्डसन हे सगळं देतो. अंगठीसुद्धा देतो, फक्त ती घटस्फोट झालेल्या माणसाच्या बोटातली लग्नाची अंगठी असते. हस्तलिखित ४७ प्रकाशकांनी नाकारल्याचं डोनाल्डसन सांगतात. शेवटी लेस्टर डेल रे यांनी ते घेतलं, पुस्तक तुफान खपलं आणि १९७९ मध्ये त्रयीला ब्रिटिश फॅन्टसी सोसायटीचा पुरस्कारही मिळाला. चेष्टाही झाली. डोनाल्डसनच्या जड, कोशातून उकरून काढल्यासारख्या शब्दांवरून, आणि सगळी पात्रं सदोदित मुठी आणि दात आवळत असतात यावरून. तिकडच्या चाहत्यांनी एक खेळच काढला: प्रत्येकाने त्रयीचा एकेक खंड घ्यायचा, कुठलंही पान उघडायचं आणि आवळण्याचा तो शब्द ज्याला आधी सापडेल तो जिंकला. खेळ म्हणे फार वेळ चालत नाही.

पण भाषेवरून कोणी पन्नास वर्षं भांडत नाही. राग आहे तो पाहुण्यावर. आपला डोळा म्हणून ज्याला आत पाठवलं त्यानेच हे करावं! बचाव करणारे म्हणतात, त्याला ते स्वप्न वाटत होतं. कॉव्हेनंटचंही म्हणणं हेच. त्या जगात तो ‘अविश्वासी’ अशी उपाधी घेऊनच वावरतो. कादंबरीच्या सुरुवातीला त्याच्या हातात एक कागद येतो. त्यावरच्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की समोरचं जग खरं नाही म्हणून तिथली लढाई लढायला नकार देणारा माणूस शूर म्हणायचा की भेकड?

आपल्याकडे या प्रश्नाचं एक उत्तर कीर्तनातून आणि नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं आहे. हरिश्चंद्राने राज्य दिलं ते स्वप्नात. सकाळी विश्वामित्र दारात उभे राहिले तेव्हा ‘महाराज, ते स्वप्न होतं’ एवढं म्हणून त्याला सुटता आलं असतं, आणि एकाही दरबाऱ्याने त्याला खोटारडा म्हटलं नसतं. तो राज्य सोडून डोंबाघरी पाणी भरायला गेला. कॉव्हेनंट नेमका याच्या उलट टोकाला उभा आहे: समोर रडणारी मुलगी असताना तो ‘स्वप्न’ हा शब्द ढालीसारखा वापरतो. हरिश्चंद्राची गोष्ट मला लहानपणापासून थोडी अतिरेकी वाटत आली, बायकोमुलाला विकणाऱ्या सत्यनिष्ठेचं कौतुक आजही पचत नाही. पण स्वप्नात केलेल्या कृतीचं माप जागेपणाच्याच मापाने घ्यायचं, हा तिचा आग्रह कॉव्हेनंटसमोर ठेवला की एकदम कळतो.

आणि इथेच पुस्तक भिरकावणाऱ्या वाचकाबद्दल मला आदर वाटतो. ‘हे खरं नाही’ असं म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर त्यालाच. लीना त्याच्यासाठी कागदावरची अक्षरं आहे. तिला आई नाही, गाव नाही, शरीर नाही. तरी तो संतापतो, रात्री झोप लागत नाही म्हणतो, अशा माणसाबरोबर पुढची तीनशे पानं चालणार नाही म्हणतो. काल्पनिक मुलीच्या वेदनेपुढे तो ‘काल्पनिक’ या सबबीचा आधार घेत नाही. कॉव्हेनंटच्या युक्तिवादाचं याहून चोख खंडन खुद्द कादंबरीतसुद्धा नाही. पुस्तक अर्ध्यात सोडणाऱ्याला ‘तुम्हाला ते कळलंच नाही’ असं ऐकवणारे चाहते म्हणूनच मला थोडे उद्धट वाटतात.

मराठी वाचकाला आणखी एक खडा दाताखाली येतो. डोनाल्डसन वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत भारतात वाढले, कोडाईकनालला शिकले. त्यांचे वडील मिशनरी डॉक्टर, अस्थिशल्यविशारद, कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे. अमेरिकेतल्या बहुतेक वाचकांना हा रोग बायबलमधला, जुन्या काळातला वाटत असणार. वरोऱ्याजवळचं आनंदवन माहीत असलेल्याला तो तसा वाटत नाही. एका रोग्याला समाजाने कसं हद्दपार केलं, हे सांगणारी पहिली प्रकरणं वाचताना आपण मनातून बाबा आमट्यांच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. मग हाच रोगी गुन्हेगार होतो. कुष्ठरुग्णाबद्दल आधीच भीती बाळगणाऱ्या समाजाच्या हाती हे कोलीत नाही का? मला वाटतं, लेखकाने हा धोका जाणूनबुजून पत्करला आहे. अन्याय सोसलेल्या माणसाला सज्जनही असावंच लागतं, नाहीतर आपली सहानुभूती आटते, ही आपली अट त्याने मोडीत काढली. पटो न पटो, विचार करायला लावतं.

आता राहिला ‘पुढे वाचा’ हा सल्ला. तो निम्मा खरा आहे. सातव्या प्रकरणातलं कृत्य पुढच्या पानावर विसरलं जात नाही. लीनाची आई अतियारन हीच त्याची वाटाडी होते. मुलीवर काय गुदरलं ते तिला वाटेत कळतं, तरीही जगावरचं संकट मोठं म्हणून ती चालत राहते. दात-ओठ खात, त्याच्याशी बोलायचं टाळत ती त्याला नदीपर्यंत पोचवते, एका राक्षसकाय दर्यावर्द्याच्या नावेच्या हवाली करते आणि मागे फिरते. या पुस्तकातली सगळ्यात खरी व्यक्ती ती. दुसऱ्या खंडात त्या बलात्कारातून जन्मलेली मुलगी त्या जगाची सर्वोच्च अधिपती म्हणून त्याच्यासमोर उभी राहते. मुळात खलनायकाच्या नावाखाली या कृत्याचा हिशेब झाकला जाऊ नये, ही लेखकाची धडपड दिसते.

पण लीनाचं काय? कॉव्हेनंट पहिल्या खंडात तिच्यासाठी एक व्यवस्था करतो: तिथल्या पूज्य, मुक्त घोड्यांपैकी एकाने दरवर्षी तिला भेटायला जायचं. प्रायश्चित्त म्हणून घोडा! मुलगी त्या घोड्याची वाट पाहत वर्षं काढते. तिसऱ्या खंडात ती दिसते तेव्हा म्हातारी झालेली आहे, मनाचा तोल गेलेला आहे आणि कॉव्हेनंट आपला प्रियकर आहे असं धरून चालते आहे. त्याचा जीव वाचवताना ती मरते. तिच्या आईला राग मिळाला, तिच्यासाठी झुरणाऱ्या तरुणाला राग मिळाला, वाचकालाही मिळाला. ज्या एकीला तो मिळायला हवा होता तिला लेखकाने वेड दिलं. सातव्या प्रकरणात थांबलेल्या वाचकाने ही पानं पाहिलेली नाहीत. पाहिली असती तर त्याचा राग कमी झाला असता, असं मला तरी वाटत नाही.