चाहता, रसिक आणि कुंपणापलीकडचा श्रोता

कलेचा अनुभव घेणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी समीक्षेपाशी शब्दांची उणीव नाही. रसिक, आस्वादक, सहृदय, मर्मज्ञ, बोलीतला दर्दी असे अनेक शब्द तिने वापरले आणि त्यांच्यातील अर्थच्छटांची चर्चाही केली. 'चाहता' या शब्दाला मात्र या मालिकेत कधी स्थान मिळाले नाही. तो वृत्तपत्रांच्या चित्रपटविषयक पुरवण्यांतच राहिला. याचे कारण उघड आहे. रसिकाकडून जाणकारीची अपेक्षा असते, चाहत्याकडून केवळ निष्ठेची. इंग्रजीतील 'फॅन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापर्यंत मागे नेता येतो, त्याच्या मुळाशी देवालयाचा अर्थ आहे. म्हणजे चाहत्याचा खरा सगोत्र भक्त होय. भक्ताच्या तन्मयतेला मराठी वाङ्मयविचाराने मोठी प्रतिष्ठा दिली. चाहत्याच्या तन्मयतेकडे तो संशयाने पाहतो. हा संशय कितपत साधार आहे, आणि तो साधार नसेल तर चाहत्यावर कोणती नैतिक जबाबदारी येते, असे दोन प्रश्न येथे उपस्थित होतात. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला अधिक कठीण करते, असे दिसून येईल.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक स्थळ समोर ठेवणे इष्ट. २००७ साली गोव्यात सुरू झालेला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव २०१६ मध्ये पुणे जिल्ह्यात आला. २०१७ आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो मुळशी तालुक्यातील बावधन-लवळे परिसरात, डोंगरउतारावरच्या गोल्फ मैदानावर भरला व २०१९ मध्ये गोव्यास परतला. २०१० पासून पुण्यात रुजलेला एनएच-सेव्हन वीकेंडर हा महोत्सवही २०२२ मध्ये याच तालुक्यातील नांदे येथे झाला. २०२५ च्या मार्चमधील त्याचे आयोजन पोलिसांची परवानगी न मिळाल्याने ऐनवेळी रद्द झाले. पुण्या-मुंबईहून आणि परप्रांतांतून हजारो तरुण या मैदानांवर आले, ते तेथे वाजणारे संगीत आधीच पाठ झालेले असताना.

पाठ असलेलेच ऐकण्यासाठी एवढा प्रवास का, या प्रश्नात चाहत्यावरील पारंपरिक आक्षेप सामावलेला आहे. अडोर्नोने १९३८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात श्रवणाच्या अधोगतीची मीमांसा केली. ओळखीचे पुन्हा ओळखणे यालाच जनसंगीताचा श्रोता आनंद समजतो आणि तिकिटासाठी मोजलेल्या पैशांचीच एका अर्थाने पूजा करतो, असा तिचा रोख होता. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीत हा आक्षेप अधिकच धारदार होतो, कारण मंचावरील कलावंत बहुतांशी पूर्वमुद्रित ध्वनीच हाताळत असतो. मग 'प्रत्यक्ष' काय उरले?

प्रत्यक्ष उरतो तो जमाव. प्रस्तुत संगीतात लय हळूहळू चढवत नेली जाते, मधूनच खर्ज काढून घेतला जातो, ताण असह्य होईपर्यंत लांबवला जातो आणि मग खर्जासह ठेका एकदम परत येतो. चाहत्यांच्या भाषेत हा 'ड्रॉप'. तो केव्हा येणार हे सर्वांना ठाऊक असते, तरीही त्याची वाट पाहिली जाते. ख्यालाच्या मैफलीत समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याला हा अनुभव परका वाटू नये. सम ठाऊक असते म्हणूनच तिच्याकडे येण्याच्या वाटेत रस असतो. फरक एवढाच की समेवर मान डोलते, ड्रॉपला हजारो देह एकाच क्षणी उसळतात. मंचावरचा कलावंत जमावाचा अंदाज घेत पुढचा तुकडा निवडतो, ताण वाढवतो वा आवरता घेतो. मुद्रित ध्वनीला घटनेचे रूप येते ते या देवघेवीतून. तेव्हा चाहता हा निष्क्रिय ग्राहक नव्हे. तो त्या घटनेचा सहकर्ता आहे. अशोक दा. रानडे यांनी जनसंगीताला स्वतंत्र कोटी मानले, ती कलासंगीताची निकृष्ट आवृत्ती मानली नाही. त्यांचा हा विवेक समीक्षेने अजून पुरता आत्मसात केलेला नाही, असे म्हणावे लागेल.

याहून पुढे जाऊन असेही म्हणता येईल की अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांपैकी निदान दोन विघ्ने दूर करण्याची यंत्रणा हा महोत्सव मोठ्या कौशल्याने उभारतो. स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे हे एक विघ्न. आणि अनुभवाला विशिष्ट देशकालाशी, 'माझे' वा 'दुसऱ्याचे' म्हणून जखडून ठेवणे हे दुसरे. त्यांवर पूर्वरंग, नेपथ्य, गीतवाद्ये, चित्रविचित्र मंडप असे उपाय अभिनवगुप्त सुचवतो. प्रवेशद्वार, मनगटावरची पट्टी, तिच्यात भरलेले पैसे, प्रकाशझोत, प्रचंड मंच ही सारी त्या मंडपाचीच आजची रूपे होत. आत शिरलेल्या तरुणाला आपण लवळ्याला आहोत की वागातोरला, याचे भान राहू नये अशीच ती रचना असते. साधारणीकरण ते हेच काय, असा प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर सरळ नकारार्थी देता येत नाही.

परंतु ज्या देशाचा विसर पडायचा तो देश कुंपणाबाहेर तसाच असतो. ध्वनीला कुंपण कळत नाही.

कलानुभवाच्या निरपेक्षतेचा सिद्धान्त ज्याच्यापाशी सुरू होतो त्या कांटनेच ही अडचण नोंदवून ठेवली आहे, ही गोष्ट मराठी सौंदर्यशास्त्रीय चर्चेत फारशी आलेली नाही. १७९० च्या ग्रंथात, कलांची परस्परतुलना करताना, संगीतात नागर सभ्यतेची उणीव असल्याचे तो म्हणतो. ते शेजारपाजारी पसरते, मैफलीबाहेरच्यांच्या स्वातंत्र्यावर आक्रमण करते. नको असलेल्या दृश्यावरून डोळे वळवता येतात, पण सुगंधी रुमाल खिशातून काढणाऱ्याचा वास सर्वांनाच घ्यावा लागतो, तसे संगीताचे आहे. कोनिग्सबर्गच्या तुरुंगातील प्रार्थनागीतांच्या आवाजाने त्रस्त होऊन त्याने तक्रारही केली होती. त्याच्या या उद्गारांकडे एका वृद्ध तत्त्वज्ञाची चिडचिड म्हणून पाहिले जाते. ते अन्यायाचे आहे. निरपेक्ष आस्वादासाठी माणसाला आस्वाद नाकारण्याची मोकळीक हवी, असे त्यात गृहीत आहे.

कुंपणापलीकडच्या श्रोत्याला ही मोकळीक नसते. शिवाय त्याच्यापर्यंत पोहोचते ते संगीत नव्हेच. उच्च कंप्रतेचे ध्वनी हवेत आणि भिंतींत लवकर विरतात; खर्ज दूरवर जातो. पन्नास कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे सात मीटर असते. घराची भिंत तिला फारसा अडथळा करू शकत नाही. डिसेंबरच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची तुलनेने उबदार असली की ध्वनी वर निसटण्याऐवजी खाली वाकतो आणि खोऱ्यातून लांबवर ऐकू येतो. म्हणजे मैदानावर ज्याची सर्वांगपूर्ण कलाकृती होते, त्याचा वस्तीवर केवळ ठोका उरतो. त्यात सूर नाही, शब्द नाही, चढवत नेलेला ताण नाही. तेथल्या माणसाने सहृदय व्हायचे ठरवले तरी तसे होण्याची सामग्रीच त्याला मिळत नाही. त्याला मिळते ते कृतीचे उच्छिष्ट.

येथे गावाला निरागस ठरवण्याचा मोह होतो. तो टाळणे आवश्यक आहे. भाषेनेच त्याविरुद्ध साक्ष ठेवली आहे. महोत्सवात 'डीजे' म्हणजे कलावंत. मराठी गावात 'डीजे' म्हणजे ट्रॅक्टरवर वा टेम्पोवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. 'डीजे आणला', 'डीजे लावला' असे म्हटले जाते, आणि वरातीत वा विसर्जनाच्या मिरवणुकीत त्या भिंतीपुढे आजारी माणसाच्या झोपेची कोणी विचारपूस करत नाही. जत्रेतला आवाज आपला आणि महोत्सवातला परका, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. वर्गणी दिली म्हणून संमती दिली असे होत नाही. 'आपले' म्हणवणाऱ्या आवाजाला नकार देणे तर अधिकच अवघड असते. तरीही एक भेद शिल्लक राहतो. मिरवणुकीतल्या आवाजाविषयी भांडायचे तर कोणाशी, हे गावात माहीत असते. दुसऱ्या दिवशी ती माणसे समोर येतात. महोत्सवाचा चाहता पहाटे निघून गेलेला असतो.

मुळशीच्या बाबतीत विसराला एक इतिहासही आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने बांधलेल्या धरणात या तालुक्यातील अनेक गावे गेली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो फसला. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी अभ्यास केला आहे. विजेसाठी बुडालेल्या खोऱ्यात विजेवरचे संगीत, असा उपरोध येथे सहज जुळवता येईल. पण तो लबाड ठरेल. असे महोत्सव बहुधा आपल्याच जनित्रांवर चालतात, आणि बावधन-लवळ्याची आजची जमीन धरणाने नव्हे, शहराच्या वाढीने व खरेदी-विक्रीने बदलली आहे. त्या बदलाची एक कथा २०१८ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झालेल्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने सांगितली. पुढच्याच महिन्यात सनबर्नची मुळशीतली दुसरी खेप झाली. या दोहोंत कार्यकारण नाही. मात्र एखादे स्थळ 'कोठेही असू शकेल असे मैदान' म्हणून उपलब्ध होते, तेव्हा ते तसे होण्यामागे कोणाचे तरी उठणे असते, इतके म्हणणे वाजवी आहे.

कायद्याने यावर आपल्या परीने रेघ ओढली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांच्या मर्यादेत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. याच बंधनामुळे १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराची बैठक संपली, याची हळहळ पुणेकर अजून करतात. पहाटेच्या रागांना मुकलेल्या त्या रसिकाची हळहळ आणि मध्यरात्री मंच बंद झाल्यावर चाहत्याला वाटणारी चुटपुट यांत तत्त्वतः भेद करता येणार नाही. परंतु नियम डेसिबल मोजतो. ज्याने आनंद घेतला त्याचे, ज्याला तो नको होता त्याच्याशी नाते काय, हे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

चाहत्याच्या बाजूने नेहमीचे उत्तर असे दिले जाते की त्याने तिकीट काढले; बाकीची जबाबदारी आयोजकाची. हे उत्तर अडोर्नोच्या श्रोत्याला शोभते. चाहता जर केवळ ग्राहक असेल, तर तो खरोखरच निर्दोष आहे, पण मग त्याच्या अनुभवाला कलानुभवाची प्रतिष्ठा मागता येत नाही. आणि वर मांडल्याप्रमाणे तो घटनेचा सहकर्ता असेल, त्याच्या उसळण्यावाचून ती घटनाच घडत नसेल, तर तिच्या उच्छिष्टाचाही तो सहकर्ता ठरतो. प्रतिष्ठा स्वीकारून जबाबदारी नाकारता येत नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्याची संकल्पना लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली असल्याचे दाखवले. मुळशीच्या मैदानावर हे दोन ध्रुव एका कुंपणाच्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि एकाच ध्वनीने जोडलेले आहेत.

तंत्रज्ञानाने काही सुटका होते. खर्जाचे ध्वनिक्षेपक विशिष्ट रीतीने मांडून त्यांचा मागे जाणारा आवाज बराच कमी करता येतो. दुसरा मार्ग तथाकथित 'सायलेंट डिस्को'चा. त्यात प्रत्येकाच्या कानावर हेडफोन असतो, जमाव नाचतो आणि बाहेर पावलांचाच आवाज येतो. बाहेरच्याचा प्रश्न त्याने संपूर्ण मिटतो. तरी मोठ्या महोत्सवांनी तो मुख्य मंचासाठी स्वीकारलेला नाही, आणि यामागे केवळ सवय नाही. हेडफोनमधून छातीवर आदळणारा खर्ज मिळत नाही, आणि शेजारच्याच्या देहातून गेलेलाच कंप आपल्यातून जात आहे, ही जाणीवही मिळत नाही. चाहत्याला ध्वनी कानात नको असतो, हवेत हवा असतो; सर्वांच्या एकाच हवेत. ती हवा लवळ्याच्या उतारावरून खाली वस्तीकडे जाते.