आधी पाणी बघून ये

बारावीच्या निकालाचे पेढे संपले आणि देवबागच्या एका घरात वाद सुरू झाला. नात विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली होती. मुंबईचे काका फोनवरून म्हणत, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. आई म्हणे, नर्सिंग. मुलीचा स्वतःचा विचार एवढाच, की मैत्रिणी जातील तिथे जायचे.

घरात एकटी मावशी गप्प होती. तिच्या वेळी वर्गातल्या बहुतेक मुली डीएडला गेल्या, म्हणून तीही गेली. पुढे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली ती वर्षानुवर्षे रखडली. मावशी आज काजूच्या कारखान्यात गर सोलते. ती उत्तम शिकवते, हे मी पाहिले आहे. दोष तिचा नव्हताच. बारावीच्या निकालात कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिले येते. इतकी हुशार पोरे एकाच वाटेने निघतात, तेव्हा त्यांना थांबवून दोन प्रश्न विचारणे हे आम्हा मोठ्यांचे काम होते. आम्ही ते केले नाही.

आजोबा रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे, तांडेल; मासेमारांचे म्होरके. एका पहाटे त्यांनी नातीला किनाऱ्यावर नेले. शेजारची होडी काल जिथे मासळी मिळाली तिथेच पुन्हा निघाली होती. आजोबांनी मात्र आपली माणसे थांबवून ठेवली. पाण्याचा रंग बघत, पक्षी कुठे घिरट्या घालतात ते न्याहाळत ते बराच वेळ उभे राहिले.

“आजोनू, सगळे थंय गेले. आपण कित्याक थांबलो?”

“कालचो मासो काल गेलो, बाय. आज पाणी खंय हलता ता बघूक व्हया.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “तू पाणी बघलंस? जा काम जन्मभर करूचा, ता करणारो माणूस सकाळी काय करता, सांजेक घराक कसो येता, ता बघून ये. मगे फॉर्म भर.”

आठ दिवस ती एसटीने फिरली. कुंभारमाठच्या तंत्रनिकेतनात तिला कळले, की बारावी विज्ञाननंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तारकर्लीला स्कुबाचे प्रशिक्षण पाहिले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, जिथून काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती निघाल्या, तिथे कलमे बांधणाऱ्या बायांचे हात ती तासभर पाहत राहिली. रात्रपाळी संपवून निघालेल्या एका परिचारिकेला तिने कामाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “काम मोठं आहे गं, पण पाय उभे राहायला हवेत आणि मनही.” मुलीला ते पटले आणि आपला पिंड तो नाही हेही कळले.

शेवटी ती रत्नागिरीजवळ शिरगावला गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय तिथे १९८१ पासून आहे. चार वर्षांची पदवी, बारावीला जीवशास्त्र हवे. प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी तारली माशाचे कल्ले तपासत होती. तिने सहज विचारले, “तुमच्याकडे रापणीत पूर्वी तारली कधी लागायची, आता कधी लागते?” नात सांगू लागली. वारा कुठला असला की तारली किनाऱ्याकडे येते, कोणत्या महिन्यात येते, आजोबांच्या तरुणपणी किती येई आणि आता किती. समोरची मुलगी वही उघडून लिहून घेत होती. तांडेलाच्या नातीला घरात ऐकलेले हे सगळे आजवर कुणी विचारलेच नव्हते.

अर्जात तिने पहिला पर्याय शिरगाव लिहिला आणि दुसरा मुळद्याचे उद्यानविद्या महाविद्यालय. काकांना ते फारसे रुचले नाही. “मासेच बघायचे होते तर शिकलीस कशाला?” असे ते म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा विचारले, तिथे काय काय पाहिलेस, आणि तिने सांगितलेले सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

अर्जाचे पैसे मावशीने आपल्या पगारातून भरले.