आधी दात मोज

‘ट्रान्सफर केस कमकुवत निघाला, सर.’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड पास झालायस ना? की नुसती हजेरी लावलीस? तो अठरा नंबरचा स्पायसर डबा 1941 पासून जीपखाली आहे. महायुद्धातून गेला, मग आपल्याकडे महिंद्राच्या सीजे-थ्रीबीत आला आणि जिल्ह्यातल्या निम्म्या बागायतदारांची उसाची वाट त्यानं तुडवली. तुझ्या हातात आला आणि एका रविवारात दात टाकून बसला. डबा कमकुवत, आणि तू मजबूत, असं म्हणायचंय का तुला?

काय केलंस ते मीच सांगतो, कारण तुला अजून कळलेलं नाही. मागचं हौसिंग आवाज करत होतं म्हणून भंगारातनं दुसरं उचललंस. बोल्ट बसले, ब्रेकचा पाइप जुळला, प्रोपेलर शाफ्ट पोचला, झालं काम. झाकण उघडलंस? दात मोजलेस? पुढच्या हौसिंगात क्राऊनला 43 आणि पिनियनला 8, म्हणजे 5.38. मागं आणलंस त्यात 39 आणि 8, म्हणजे 4.88. आणि या गाडीला फोर बाय फोर टाकलं की मध्ये डिफरन्शियल नसतं; पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरतो. म्हणजे पुढचं चाक दहा मीटर जाईल तेवढ्यात मागचं अकरा मीटर जायला बघतं. तो जादाचा एक मीटर जाणार कुठं? वडकबाळकडे सीना नदीच्या वाळूत होतास तोवर चाकं घसरत होती, वाळू तुझं पाप पोटात घालत होती. तसाच फोर बाय फोरमध्ये बंधाऱ्याच्या काँक्रीटवर चढलास. तिथं घसरायला जागा नाही, आणि सगळा पीळ गिअरच्या दातांवर आला. आता पत्र्यावर मांडून आणलेत ते दात मला दाखवायला!

गाडी भंगारवाल्याच्या दारात उभी असताना, झाकण न उघडता हे कळतं. दोन्ही चाकं जॅकवर घे, एक चाक पक्कं धरून ठेव, दुसरं बरोबर दोन फेरे फिरव आणि पिनियनच्या फ्लँजचे फेरे मोज. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशहून थोडं जास्त आलं तर 5.38. पाचला थोडं कमी आलं तर 4.88. एक खडू लागतो याला. पण तुम्हाला खडू धरायची लाज, डिस्क कटर दिला की लगेच हात शिवशिवतात.

बरं, टायर. मूळचा 6.00-16, साधारण 28 इंच उंच. तू घातलेस 31 इंची. ग्राउंड क्लिअरन्स मिळाला, फोटो छान आला. पण चाक एक दशांशानं मोठं झालं की 5.38 चा क्राऊन-पिनियन 4.9 सारखा वागायला लागतो. गाडी चढावर रेंगाळते, मग तू क्लच अर्धा दाबून रेटतोस, मग क्लच प्लेट जळते, मग म्हणतोस इंजिनात दम नाही. आणि आता डीआय डिझेल इंजिन बसवायचं खूळ!

वहीत लिही. तीन गिअरचा टी-90 गिअरबॉक्स, पहिला गिअर 2.798. ट्रान्सफर केसचा लो 2.46. क्राऊन-पिनियन 5.38. गुणाकार कर. सदतीस. इंजिनानं दिलेला पीळ सदतीसपट होऊन एक्सलवर येतो. मूळच्या पेट्रोल इंजिनाचे 155 न्यूटन-मीटर धरले तर साडेपाच हजारांच्या वर गेलास. त्या जागी 180 च्या आसपासचं डिझेल बसवलंस की हजारभर आणखी. ते कोण सोसणार? गिअरबॉक्स तोच, हबातली की तीच, पुढच्या एक्सलचे क्रॉस तेच.

यावर तुझं उत्तर तयार आहेच: टर्नरकडून ईएन-24 चे एक्सल काढून घेतो. काढ. उष्णतोपचार कोण करणार? नुसता लेथवर उतरवलेला एक्सल चमकतो आणि पिळवटतो. समज, नीट झालाही. मग पुढच्या झटक्याला एक्सल टिकेल आणि क्राऊन-पिनियनचे दात जातील. क्राऊन-पिनियन बदललास तर पीळ पुन्हा डब्यात. मजबूत करणं म्हणजे तुटायची जागा सरकवणं, एवढं डोक्यात घे. ती जागा कुठं ठेवायची ते तू ठरवायचं असतं. घरातला फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा आणि तू, दोघं सारखेच. या जीपमध्ये मागच्या हबातली की हा तुझा फ्यूज. ती स्वस्त, बाहेरच्या बाजूला, रानात झाडाखाली बसून बदलता येते. तिला राहू दे. मात्र हबचा नट ढिला ठेवून ती कातरवू नकोस, तो तुझा आळस.

आणि पाय! निम्मी मोडतोड पायानं होते. चाक हवेत भिरभिरतंय, तू ॲक्सिलरेटर दाबून धरलायस, आणि ते दगडावर आदळून एकदम पकडतं. त्या क्षणी सदतीसपटीचा हिशोबही थिटा पडतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून रेस दिलीस की पुढचा क्रॉस सर्वांत वाकड्या कोनात असतो, तिथं तो कडकडणारच. त्यात शॅकल लांब करून गाडी उंच केलीस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचेही कोन बिघडवलेस.

खर्च करायचाच आहे तर आधी डब्यातला झिजलेला इंटरमीडिएट शाफ्ट आणि बेअरिंगा बदल. पिनियनला शिम घालून, दातांना निळा लावून ठसा बघ; ठसा दाताच्या टोकाला आला तर पुन्हा उघड. गिअरबॉक्समध्ये मिळेल ते जीएल-5 ऑइल ओतू नकोस, पितळी रिंगा खातं. पुढं-मागं दात सारखे कर. मग जमलं तर मागं लॉकर. टायर सर्वांत शेवटी, आणि तुझे लाड बघता 29 इंची पुरे.

इंजिनाचं म्हणशील तर आरसी बुक वाचलंयस कधी? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. एमएच-13 ची पाटी लावून ‘ऑफ-रोडिंग आहे साहेब’ म्हणून सुटका होत नाही. अन् परवा नान्नजच्या माळाकडं जायचं ठरवत होता म्हणे तुम्ही. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, 1979 पासून. तो पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. तिकडं तुझ्या टायरची खूण दिसली तर गाडीचं सोड, तुलाच जॅकवर घेईन.

सोमवारी आठ वाजता ये. दोन्ही हौसिंगचे फेरे मोजून, आकडे लिहून. हबांच्या नटची चावी घेऊन ये, आणि तो भंगारवाला 39-8 परत घेतो का ते आधी विचार. नाही म्हणाला तर पुढचं हौसिंगही त्याच दातांचं शोध, पण मग चढावर रडत माझ्याकडं यायचं नाही.